राणीबाग आधी झाडांची

थंडी सरत आली की भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी फुलते. लांब देठांवरून खाली लोंबणारे लालगुलाबी फुलोरे, पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका, आणि मध्येमध्ये नुकती फुटलेली, अजून ताठ व्हायची बाकी असलेली तांबूस तपकिरी पालवी. हे झाड मूळचे ब्रह्मदेशातले. नॅथॅनियल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने मार्तबानजवळच्या एका बौद्ध मठाच्या बागेत ते पाहिले आणि १८३० च्या सुमारास जगाला त्याची रीतसर ओळख करून दिली. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत त्याची गणना होते. बी ते क्वचितच धरते. गुटी कलमाने वाढवावे लागते, आणि उष्ण, दमट, आडोशाची जागा मिळाली तरच तग धरते. मुंबईत अशी जागा राणीच्या बागेत आहे.

त्या दिवसांत बागेत हजारो माणसे येतात. मुलांचा हात धरून पेंग्विनच्या रांगेत उभी राहतात, वाघाच्या काचेपाशी गर्दी करतात, हरणे बघतात, आइस्क्रीम खातात आणि घरी जातात. उर्वशी फुलली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. दोष त्यांचा नाही. राणीबाग म्हणजे प्राणिसंग्रहालय, हेच आपल्या दोन-तीन पिढ्या ऐकत आल्या. प्रवेशद्वारापासून वर्तमानपत्रांतल्या बातम्यांपर्यंत सगळीकडे बागेची ओळख पिंजऱ्यांवरून दिली जाते. आणि ज्या गोष्टीची ओळखच नाही, तिच्यावर कुदळ पडली तर आरडाओरडा कोण करणार?

म्हणून हे आवाहन. राणीबाग ही आधी झाडांची बाग आहे. मुंबई शहरातला वनस्पतींचा हा सर्वांत जुना, सर्वांत समृद्ध सार्वजनिक संग्रह. ती वाचवायची असेल तर आपल्याला तिथे जायला हवे, एकदा नव्हे, वर्षाच्या प्रत्येक ऋतूत. आणि जे पाहिले त्याच्या बाजूने उभे राहायला हवे.

बागेचा जन्मच झाडांसाठी झाला. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यान संस्थेची एक वनस्पतिबाग आधी शिवडीला होती. ती जमीन दफनभूमीसाठी गेली आणि माझगाव-भायखळ्याच्या सीमेवर नवी बाग आकाराला आली. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. तिच्या उभारणीमागे जॉर्ज बर्डवुड होते. बेळगावात जन्मलेले हे डॉक्टर त्या संस्थेचे चिटणीस होते आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डेव्हिड ससून अशा मंडळींनी बाग आणि तिच्या दारातले वस्तुसंग्रहालय यांसाठी पैसा आणि शब्द दोन्ही खर्च केले. १८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली. प्राणी आले ते त्यानंतर, १८९० च्या आसपास जागा वाढवली तेव्हा. आज जवळपास ५३ एकरांवर पसरलेल्या या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, तीन हजारांहून अधिक झाडे आहेत, आणि त्यांच्या जाती अडीचशेच्या वर. ब्रह्मदेश, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आणि आपला सह्याद्री, इतक्या दूरदूरच्या मातीतून आलेली ही झाडे दीडशेहून अधिक वर्षे एकाच आवारात शेजाराने राहत आहेत. वारसा स्थळांच्या यादीत या बागेचे नाव आहे ते याच कारणाने.

हा वारसा फक्त अभ्यासकांचा नाही. लालबाग, परळ, नागपाडा, आग्रीपाडा, माझगाव इथल्या चाळींतल्या माणसांना दहा बाय बाराच्या खोलीबाहेर आकाश दिसायचे ते इथेच. गिरणीची सुट्टी असली की आख्खे कुटुंब डबा घेऊन राणीच्या बागेत. गावाहून पाहुणे आले की राणीची बाग. शाळेची पहिली सहल राणीची बाग. श्रीमंतांना महाबळेश्वर होते. गिरणगावाला ही सावली होती. आजही दुपारी एखाद्या बाकावर चपला काढून मांडी घालून बसलेली आजीबाई दिसते, आणि बाजूला झोपलेले नातवंड. त्यांच्या डोक्यावर जी थंड हिरवी छत्री आहे, तिच्याबद्दल मी बोलतो आहे.

२००७ साली या बागेचे आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याचा सुमारे ४३३ कोटींचा आराखडा पुढे आला. तो तसाच अमलात आला असता तर बागेचा निम्मा आत्मा पहिल्या दोन वर्षांत खोदला गेला असता. तसे झाले नाही, कारण काही नागरिक उभे राहिले. त्यात निवृत्त माणसे होती, गृहिणी होत्या, शिक्षक होते, वनस्पतींचे जाणकार होते. सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन या नावाने त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, कागदपत्रे मिळवली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, आणि मुख्य म्हणजे लोकांना हाताला धरून बागेतून फिरवले, झाडांची नावे सांगितली. आराखडा बदलावा लागला, आवरावा लागला. मूठभर मुंबईकरांनी ते केले. आज त्या मुठीत आणखी हात हवे आहेत, कारण योजना संपत नसतात. २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांच्यासाठी वातानुकूलित इमारत उभी राहिली. मग नवे पिंजरे, नव्या काचा, नवे रस्ते, नव्या प्रेक्षागॅलऱ्या. दर काही वर्षांनी कुणाला तरी या बागेत आणखी काहीतरी बांधावेसे वाटते.

प्राण्यांशी माझे वैर नाही. त्यांना नीट जागा मिळायलाच हवी, जुन्या लोखंडी पिंजऱ्यांपेक्षा नव्या मोकळ्या जागा कितीतरी बऱ्या. प्रश्न मातीचा आहे. ५३ एकरांतली प्रत्येक नवी इमारत कुठल्या तरी मुळांवर उभी राहते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण झाडे कशी मरतात हे आपल्याला दिसत नाही. झाडाचे अन्नपाणी ओढून घेणारी बारीक मुळे खोल पाताळात नसतात. ती बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात, आणि फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. खोडापासून चार फूट सोडून चर खणला म्हणजे झाड सुरक्षित राहिले, ही समजूत चुकीची आहे. त्या चराने एका बाजूची निम्मी मुळे तुटलेली असू शकतात. जड यंत्रे फिरली की माती दाबली जाते, तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात, मुळांना हवा मिळेनाशी होते. वर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसले की पावसाचे पाणी गटारात जाते. कामाचा राडारोडा बुंध्याशी टाकला, त्यावर माती ओढून पातळी वाढवली, की खोडाचा तळ कुजायला लागतो. यातले काहीही घडले तरी झाड त्या दिवशी हिरवेच असते. पुढच्या वर्षीही असते. मग शेंडा वाळतो, पालवी विरळ येते, खोडावर भूछत्रे उगवतात. आणि जुलैतल्या एखाद्या रात्री वारा सुटला की शंभर वर्षांचे झाड मुळासकट आडवे होते. नोंदीत कारण लिहिले जाते वादळी वारा. खरे कारण तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका चरात गाडलेले असते, आणि तोवर ते काम करणारा कंत्राटदारही निघून गेलेला असतो.

म्हणूनच एखाद्या प्रकल्पात किती झाडे तोडणार, एवढाच आकडा विचारून भागत नाही. शून्य झाडे तोडणार असे सांगणारा प्रकल्पही बागेला मारू शकतो. तोडणार किती याबरोबरच खणणार कुठे, मोठी यंत्रे जाणार कुठून, सिमेंट कालवणार कुठे, पाणी मुरणार कसे, हे सगळे विचारावे लागेल. पुनर्रोपण करू, हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. मोठी झाडे उपटून दुसरीकडे लावण्याचा मुंबईचा अनुभव चांगला नाही. मुळे आणि फांद्या छाटलेले ओंडके उघड्या माळावर उभे करायचे आणि त्यांना झाडे म्हणायचे, हे मेट्रोच्या कामांत आपण पाहिले आहे. मेट्रोसाठीच आरेच्या जंगलात ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन रात्रींत २,१४१ झाडे गेली. २०२४ साली सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरचा जुना गोरखचिंच गेला. तो परत आणता येत नाही. कुणालाही, कितीही पैसे मोजून.

राणीच्या बागेत गोरखचिंच आहेत. त्यांना भेटायचे तर पावसाळ्याच्या तोंडाशी जा. हा आफ्रिकेतला वृक्ष शेकडो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आला असे मानतात, आणि कोकणपट्टीने त्याला घरचा मानला. वर्षाचे कित्येक महिने तो निष्पर्ण असतो. जाडजूड राखाडी खोड आणि वर आखूड फांद्या. पहिल्या सरींच्या सुमारास त्याला हाताच्या पंजासारखी पाने फुटतात आणि मग तळहाताएवढी मोठी, पांढरी, उलटी लटकणारी फुले येतात. ती संध्याकाळी उमलतात. रात्री वटवाघळे त्यांच्याकडे येतात आणि परागकण घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी फूल तपकिरी पडून खाली गळते. दिवसा येणाऱ्याला मिळते ते गळलेले फूल. उचलून बघा, त्याच्या पुंकेसरांचा गोंडा अजून ओलसर असतो. या झाडाचे लाकूड मऊ आणि पाणीदार, त्यामुळे त्याला झालेली जखम आतून पसरत जाते. खिळा, तार, दिव्यांच्या माळा यांनी इतर झाडांना त्रास होतो, याला जास्तच.

मी सांगतो त्या क्रमानेच बाग पाहावी असे नाही. पण एक गोष्ट आग्रहाने सांगेन, एकाच ऋतूत पाहून ही बाग कळत नाही. मार्चमध्ये जंगली बदामाला एकही पान नसताना फांद्यांच्या टोकाशी काळपट लाल फुलांचे झुपके येतात आणि त्यांचा उग्र, नकोसा वास आसपास भरून राहतो. तो वास माश्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. नाक धरून का होईना, उभे राहा. झाड आपले काम करते आहे. त्याच सुमारास सीताअशोकाला केशरी-लाल गुच्छ असतात, थेट जुन्या फांद्यांवर चिकटून. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी उभा असतो तो उंच, सरळसोट हिरवा अशोक हा खरा अशोक नव्हे, हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा नाही. दोन्ही झाडे दाखवा, पाने हातात द्या, एवढे पुरे.

एप्रिल-मे मध्ये शाळांना सुट्ट्या असतात. घाम गळत असतो आणि लोक म्हणतात, उन्हात कुठे जायचे? अगदी तेव्हाच जायला हवे. बहावा पिवळ्या झुंबरांनी भरलेला असतो. ताम्हण, आपल्या राज्याचे फूल, जांभळ्या तुऱ्यांनी. सोनमोहोराखाली जमिनीवर पिवळा सडा पडलेला असतो. कैलासपतीची फुले खोडातूनच निघालेल्या लांब दांड्यांवर येतात, आणि त्याच दांड्यांवर तोफगोळ्यांसारखी तपकिरी फळे लटकतात. त्या फुलात शिवपिंडीवर फणा धरलेला नाग आपल्या माणसांना दिसला आणि दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाला एक मराठी नाव मिळाले. मेणबत्तीच्या झाडाला खोडावरच पिवळट, गुळगुळीत, लांबोडकी फळे धरतात. मुलांना ते झाड फार आवडते. आणि या सगळ्याखाली उभे राहून डॉ. आंबेडकर रोडवर परत या. बाहेरचे ऊन आणि आतली सावली यांतला फरक अंगालाच कळतो. उन्हाळा वर्षागणिक कडक होत चाललेल्या या शहरात भायखळ्याच्या मध्यभागी तेवढी थंड जमीन राखणे ही चैन नाही. जवळच्या चाळीत पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा तो प्रश्न आहे.

पावसाळ्यात बाग सर्वांत कमी पाहिली जाते आणि खरे तर सर्वांत जास्त शिकवते. जुन्या खोडांवर शेवाळ आणि नेचे येतात. कदंबाचे केशरी चेंडू भिजलेल्या वाटेवर पडलेले असतात. कृष्णवडाची द्रोणासारखी पाने पाण्याने भरतात. त्या वळलेल्या पानाशी बाळकृष्णाच्या लोण्याची गोष्ट जोडलेली आहे आणि ती सांगायला आज्या अजून विसरलेल्या नाहीत. पण माझ्या लेखी पावसाळ्यातले सर्वांत महत्त्वाचे दृश्य वेगळे आहे. पाऊस जोरात असताना बघा, पाणी कुठे मुरते आणि कुठे वाहते. मोकळ्या मातीत, पालापाचोळ्यावर ते शोषले जाते. फरशीवर ते वाटेवरून धावते. मुंबई तुंबण्याची सगळी गोष्ट त्या दोन हातांच्या अंतरात दिसते. याच दिवसांत कोणते झाड कललेले आहे, कुणाच्या बुंध्याशी पाणी साचते, कुठली फांदी वाळली आहे, हेही दिसते, आणि त्याची नोंद नागरिकांनी केली तर ती बागेच्या कर्मचाऱ्यांच्या उपयोगी पडते. इथले माळी पिढीजात जाणकार आहेत. त्यांच्याशी बोला. कुठले झाड कधी फुलते, कुठे आजारी आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत मादागास्करची किलबिली फुलते. गुलमोहराची नातलग, पानेही तशीच, पण फुले केशरी आणि घोसांत, द्राक्षांसारखी गच्च. सगळ्यांना मे महिन्यातला गुलमोहर माहीत आहे. त्याच बेटावरून आलेली ही त्याची बहीण ऑक्टोबरात बहरते, आणि ती पाहायला रस्त्यावर जाऊन चालत नाही, अशा बागेतच यावे लागते. सातवीण आणि बुच याच काळात वास सोडतात. हिवाळ्यात बदामाची पाने लाल होऊन गळतात, पुढे महोगनी एकाएकी रिकामी होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कोवळ्या पोपटी पालवीने भरते. तांबट टुक-टुक करत असतो. मग उर्वशी.

एवढे सगळे एका आवारात, तिकीट काढून कुणालाही पाहता येते. २०१७ मध्ये पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले. चार जणांच्या कुटुंबाला शंभरात जाता येईल अशी सोय त्यात होती, ती चांगलीच होती. तरीही झाडांखाली बसण्यासाठी पन्नास रुपये द्यावे लागणे हे ज्यांच्यासाठी ही बाग सर्वांत गरजेची आहे त्यांना जड जाते. वनस्पतिबागेचा भाग रोज काही तास अगदी नाममात्र पैशांत खुला ठेवा, ही मागणी मी सर्वांत आधी करीन. ज्या बागेत परिसरातली माणसे सहज येत नाहीत, तिच्यासाठी ती भांडणारही नाहीत.

बाकीच्या मागण्याही स्पष्ट बोलल्या पाहिजेत. वनस्पतिबाग आणि साधे उद्यान यांत फरक असतो तो नोंदींचा. प्रत्येक झाडाला क्रमांक, त्याचे मराठी आणि शास्त्रीय नाव, ते कुठून आले, कधी लावले, आज त्याची तब्येत कशी आहे, हे लिहिलेले असायला हवे. ती नोंदवही महापालिकेने सर्वांसाठी प्रसिद्ध करावी आणि दरवर्षी ताजी करावी. मग एखादे झाड नाहीसे झाले तर ते नाहीसे झाले हे तरी कळेल. पाट्या मराठीत हव्यात, वाचता येतील अशा हव्यात, आणि खिळ्यांनी ठोकलेल्या नकोत. उर्वशीसारखी जी झाडे मोजकीच उरली आहेत, त्यांची कलमे आताच करायला हवीत; मूळ झाड कोसळल्यावर कलम करता येत नाही. हे काम पाहायला वनस्पतिशास्त्र जाणणारा पूर्णवेळ अधिकारी हवा. प्राण्यांना पशुवैद्य असतो, ते योग्यच आहे. तीन हजार झाडांना स्वतःचा वैद्य असू नये?

आणि सर्वांत मोठी मागणी: बागेच्या जुन्या वनस्पती-भागात यापुढे एक वीटही नको. जी जमीन आज मोकळी आहे ती मोकळी राहिली पाहिजे. खोडांभोवतीचे काँक्रीट फोडून प्रत्येक झाडाला ऐसपैस आळे द्या, त्यात पालापाचोळा कुजू द्या, तो झाडून जाळू किंवा उचलून नेऊ नका. प्राण्यांसाठी जागा वाढवायची असेल तर ती झाडांच्या वाट्यातून काढू नका.

या मागण्यांना बळ येते ते माणसांच्या संख्येने. महाराष्ट्रात झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचे असेल तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावरही ती लावावी लागते, आणि नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. राणीबागेतल्या कितीतरी झाडांना हे कलम थेट लागू होते. कायदा आपल्या बाजूने बरेच काही सांगतो. मात्र हरकतीची मुदत अतिशय थोडी असते, आणि सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. त्यामुळे कुणीतरी सतत लक्ष ठेवावे लागते. ते कुणीतरी तुम्ही व्हा. भायखळा, माझगाव, लालबागमधल्या प्रत्येक गणेश मंडळाने, प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने एक माणूस या कामाला नेमावा. सूचना दिसली की तिचा फोटो सगळ्यांना पाठवा, त्याच दिवशी हरकत लिहा. हरकतीत रागापेक्षा माहिती जास्त असू द्या: झाडाचे नाव, घेर, जागा, त्या जातीची बागेत किती झाडे उरली आहेत, काम दुसरीकडे का हलवता येईल. अशा हरकतीला उत्तर द्यावे लागते. माहितीच्या अधिकारात बागेच्या कामांचे नकाशे मागवा. महापालिकेचा अर्थसंकल्प आला की राणीबागेवरचा खर्च बघा, त्यातला किती झाडांवर आहे ते विचारा. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला बागेत घेऊन जा आणि झाडासमोर उभे करून बोला. कार्यालयात बसून झाड समजावता येत नाही.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. सहल राणीच्या बागेत नेताच, तर पिंजऱ्यांच्या आधी एक तास झाडांसाठी ठेवा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक झाड वाटून द्या. वर्षातून निदान तीनदा त्याच झाडाकडे न्या. पाने कधी गळली, फुले कधी आली, कुठले पाखरू बसले होते, एवढेच त्याने वहीत लिहावे. दहा वर्षांनी त्या वह्या एकत्र केल्या तर मुंबईचे ऋतू कसे सरकत आहेत याचा जो पुरावा हाती येईल, तो आज कुणाकडेच नाही. आणि ज्या मुलाने एका झाडाचे तीन ऋतू पाहिले, ते मोठे झाल्यावर त्याच्या बुंध्याशी खणणाऱ्या यंत्रासमोर गप्प बसणार नाही.

मुंबईबाहेरच्या वाचकांनीही हे आपले मानावे. या बागेत पूर्वी आई-वडिलांबरोबर आलेली माणसे आज पुण्यात, नाशकात, अमेरिकेत, आखातात आहेत. तुमच्याकडे जुने फोटो असतील. पिंजऱ्यासमोर, कारंज्यापाशी, एखाद्या मोठ्या झाडाखाली काढलेले. मागच्या झाडाकडे बघा. ते कोणते होते, अजून आहे का, हे शोधायला त्या फोटोंची फार मदत होईल. बागेसाठी काम करणाऱ्या लोकांपर्यंत ते पोचवा.

आरे वाचवता आले नाही, तरी २००७ चा आराखडा रोखता आला. फरक इतकाच होता की राणीबागेसाठी माणसे वेळेत जमली, आणि त्यांना प्रत्येक झाड नावाने ठाऊक होते. ती माणसे आता वयाने थकत चालली आहेत. त्यांच्या हातातली यादी पुढच्यांनी घ्यायला हवी, आणि ते काम वही वाचून होत नाही, त्यांच्याबरोबर बागेत चालूनच होते.

तेव्हा या महिन्यातली एक सकाळ राखून ठेवा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, चालत या. सकाळी लवकर या, म्हणजे गर्दी नसते आणि माळी भेटतात. आत आल्यावर पहिल्यांदा ज्या झाडापाशी पाय थांबेल, त्याचे नाव विचारा, बुंध्याभोवती माती आहे की काँक्रीट ते बघा, असेल तसा फोटो काढा, तारीख लिहा. काँक्रीट असेल तर तोच फोटो जोडून महापालिकेच्या उद्यान विभागाला त्या दिवशीच पत्र पाठवा. पुढच्या ऋतूत त्याच झाडाकडे पुन्हा या, आणि येताना शेजारच्या घरातले एक मूल बरोबर आणा. बुधवारी बाग बंद असते.